इश्तारच्या दारातला उतारा

चपला काढून त्या माणसानं तळव्याला तळवा लावून भिंतीशी उभ्या ठेवल्या, आणि हुझालाच्या हातातली चाळणी सातूच्या पिठात पडली. तोंड नव्हतं ओळखलं तिनं. तोंडात ओळखण्यासारखं उरलंच काय होतं? दाढी पिकलेली, पोट सुटलेलं, डोळ्यांखाली पिशव्या. गुत्त्यात असले रोज येतात. पण सगळ्या उरुकमध्ये चपलांचे तळवे असे एकमेकांना चिकटवून ठेवणारा माणूस एकच. आत विंचू शिरेल म्हणून. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघं गच्चीवर झोपायचे, तेव्हाही अंथरुणाशी ती जोडी अशीच उभी असायची. ती हसायची. म्हणायची, अरे, विंचवाला दुसरं घर नाही का, तुझ्याच चपलेत कशाला येईल मरायला? तो हसायचा नाही. उठून पुन्हा एकदा झटकून बघायचा, मग तिच्या कुशीत शिरायचा. इप्कू. खजुराच्या बागेतला इप्कू. इतकी वर्षं हे नाव तिनं शिवीसारखं तोंडात धरलं होतं. आणि आज तो तिच्या उंबऱ्याच्या आत, तिच्याच भिंतीशी वाकलेला असताना तिला सुचलं काय, तर पिठातली चाळणी उचलून झटकायचं.

तो सरळ झाला आणि त्यानं तिच्याकडे बघितलं. चांगलं डोळ्याला डोळा देऊन बघितलं. "बाई," तो म्हणाला, "उतारा घ्याल का? मांत्रिकानं पाठवलंय. त्याचं सगळं करून झालंय, पाणी, झाऊची डहाळी, सगळं. आता एवढंच राहिलंय." आवाज तोच, जरा खरखरीत. आणि ओळख नाही. पुसटशीसुद्धा नाही. या भेटीचं चित्र तिनं किती वेळा रंगवलं असेल! कधी बाजारात, कधी घाटावर, कधी देवळाच्या पायऱ्यांवर. प्रत्येक वेळी तो आधी तिला ओळखायचा, पांढराफटक पडायचा, आणि मग ती काय करायची ते रोज वेगळं असायचं. त्यानं ओळखलंच नाही तर काय, हे एकदाही मनात आलं नव्हतं. बरोबरच आहे म्हणा. दारूसाठी उकळत ठेवलेल्या आंबोणाची वाफ एकदा तोंडावर आली तेव्हापासून डावा गाल असा ओढलेला, पुढचे दोन दात गेलेले, आणि अंग म्हणाल तर रांजणाएवढं. हुझाला म्हणजे हरिणी. आईनं काय बघून हे नाव ठेवलं होतं कोण जाणे. तरी पण डोळे? डोळे तर तेच होते ना मेल्या?

"घेईल की, न घ्यायला काय झालं!" कोपऱ्यातून शिमू बोलली. शिमू इश्तारदेवीच्या नाचणाऱ्यांतली. उजव्या अंगाला पुरुषाचं वस्त्र, डाव्या अंगाला बाईचं, आणि दोन्हींवर कांद्याचा वास. जत्रेत तलवार आणि सूत कातायची चाती दोन्ही घेऊन नाचायची, आणि जत्रा नसली की दिवसभर इथे पडीक असायची. "ये बाबा, बस. काय झालं? घुबड बसलं का छपरावर? की कुत्रं मुतलं अंथरुणावर? मागच्या महिन्यात एक आला होता, म्हणे गाढवानं तोंडाकडे बघून सुस्कारा टाकला. आमच्या आक्कानं तोपण घेतला." दोन नावाडी बसले होते, एकाच मडक्यात नळ्या घालून दारू ओढत. ते खदखदून हसले.

हसायचंच असतं, ते रीतीला धरूनच असतं. उतारा घेऊन आलेल्या माणसानं आत यायचं, दाराची चौकट शिवायची, रांजणाच्या तिवईवर हात ठेवायचा, घरात काय अशुभ घडलं ते बसलेल्यांना सांगायचं, आणि बसलेल्यांनी त्याच्याशी बोलायचं. बोलण्याबोलण्यात ते अशुभ सुटतं, वाटलं जातं, ज्याच्या त्याच्या घोटाबरोबर पातळ होतं. उरलंसुरलं देवी गिळते. गुत्ता इश्तारचा, आणि इश्तारच्या पोटात काय जिरत नाही? नवरे जिरतात, सैन्यं जिरतात. माणसाला नाव विचारायचं नाही. शेवटी एक वाडगा पिऊन त्यानं निघायचं, आल्या वाटेनं जायचं नाही, आणि मागे वळून तर अजिबात बघायचं नाही. वळला, किंवा कुणी मागून त्याला नावानं हाक मारली, की अशुभाला आपला धनी सापडलाच. ते उठून त्याच्या मागे घरी जातं. हुझालानं असे शेकडो घेतले होते. हात पुसता पुसता घ्यायची. घरी जाऊन झोप लागली नाही असं एकदाही झालं नव्हतं.

त्यानं चौकट शिवली. पुढे येऊन तिवईवर डावा हात ठेवला. वर कोनाड्यात मातीची इश्तार, एक पाय सिंहाच्या पाठीवर, खांद्यांमधून गदा आणि कुऱ्हाडी फुटलेल्या, ओठांवर ते हसू. कुणाला वाटतं लाडाचं हसू आहे, कुणाला वाटतं चावायच्या आधीचं. हुझालाची आणि तिची रोजची भांडणं. सकाळी पहिला वाडगा तिचा, पण धार धरायच्या आधी शिवी. बाई गं, तू प्रेमाचीही म्हणवतेस आणि लढाईचीही, मग माझ्या वाटणीला दोन्हीतलं काय आलं ते सांग. दे त्याला माझ्यासमोर आणून. वाकव. एवढंच मागते, दुसरं काही मागितलंय का कधी? आणि देवी हसत राहायची. आता हुझालानं वर बघितलं. हसू तसंच होतं, पण आज ते थेट तिच्याकडे बघून होतं, आणि तिच्या तळपायापासून काहीतरी गरम वर चढायला लागलं.

"मुलगी झालीय," तो म्हणाला. "पहिलीच. बायकोला खूप वर्षांनी दिवस राहिले. डाव्या हाताला सहावं बोट आहे."

नावाड्यांचं हसू थांबलं. शिमूनं कांदा खाली ठेवला. हुझालानं वाडगा भरायला घेतला होता, तो भरून वाहिला आणि पायावर सांडला, तरी तिला कळलं नाही. करंगळीच्या शेजारी हरभऱ्याएवढं, मऊ, नखसुद्धा होतं त्याला. तिनं ते ओठांत धरलं होतं. सुईण काही बोलेना, दिवा जवळ आणेना, तेव्हाच तिला समजायला हवं होतं, पण तिला वाटलं मुलगी झाली म्हणून बाई गप्प आहे. मग सासू आली, हात उघडून बघितला आणि बाहेर जाऊन ओरडली की नातू नाही, घर मोडणारं काहीतरी जन्माला आलंय, सुनेच्या पोटातच घाण आहे. मांत्रिक आला. घर विस्कटेल म्हणाला, घरधनी दारिद्र्यात मरेल म्हणाला, नदीनं घेतलं तरच सुटाल म्हणाला. आणि इप्कू दारात उभा. ती अंथरुणावरून त्याला म्हणत होती, इप्कू, बघ तरी तिच्याकडे, एकदा बघ, तुझ्यासारखं कपाळ आहे. त्यानं टोपली उचलली. बाळाबरोबर टोपलीत भाकरी आणि दारूचं बुधलं ठेवलं, रीत म्हणून. ती रक्तानं भिजलेल्या कपड्यानिशी घाटापर्यंत मागे गेली होती, भिंती धरत धरत. पहाट होत होती. पूर्वेला तारा लखलखत होता, देवीचा पहाटेचा तारा, लढाईचा. त्यानं टोपली पाण्यात सोडली, वळला आणि चालायला लागला. पाण्यावरून रडण्याचा आवाज येत होता, आणि हा माणूस मागे न बघता चालत होता. मांत्रिकानं सांगितलं होतं, मागे बघायचं नाही म्हणून. टोपली सोडली त्याची तिला चीड होतीच. पण खरी आग त्याची होती, त्या न वळलेल्या मानेची. चार दिवसांनी गल्ली गोळा करून त्यानं तिच्या वस्त्राचा काठ सुरीनं कापला आणि संसार संपला असं सांगितलं, तेव्हा तिला काही वाटलंही नाही. तेव्हापासून ती वस्त्राचा काठ दुहेरी दुमडून शिवते, एवढंच.

"मग नदी?" एका नावाड्यानं चाचरत विचारलं. "असल्या पोरांना नदीत सोडतात ना?"

"नाही!" तो एवढ्या जोरात म्हणाला की स्वतःच दचकला. मग मान खाली घालून बोलायला लागला. "मांत्रिक तेच म्हणत होता. मी त्याचे पाय धरले. म्हटलं दुसरं काही सांग, काहीही सांग. तेव्हा तो म्हणाला, उतारा लागला तर पोर राहील. नाही लागला, वाटेत काही चुकलं, तर उद्या सकाळी टोपली. रांजणाच्या तिवईला शिवून आलो, हे शपथेवर सांगायचंय मला घरी जाऊन. बायको दारात बसलीय तिला घेऊन. खाली ठेवायलाच तयार नाही."

पाय धरले. हुझालाच्या डोक्यात तेवढेच दोन शब्द घणासारखे बसत राहिले. हिच्यासाठी पाय धरले. हिच्यासाठी उन्हातान्हाचं बागेपासून इथपर्यंत चालत आला, दारूड्यांसमोर तोंड उघडलं. मग तेव्हा काय पाय नव्हते मांत्रिकाला? तेव्हा काय गुत्ते बंद होते उरुकमधले? तोच हात, तेच बोट, तेच कपाळ असेल कदाचित. माझीच तेवढी घाण आणि त्या बाईची ती लेक! तिनं वाडगा तिवईवर आपटला. एक हाक. फक्त एक हाक पुरे होती. तो दाराबाहेर पाऊल टाकेल, आणि ती मागून म्हणेल, इप्कू. तो वळेल, कारण तो आवाज त्याच्या हाडात कुठेतरी असणारच. वळला की संपलं. उद्या पहाटे तो पुन्हा टोपली उचलेल, तोच घाट, तोच तारा, आणि या वेळी त्याला ऐकू येईल पाण्यावरचा आवाज. जन्मभर ऐकू येईल. देवी, हेच ना? हेच तर मागत होते. तिच्या जिभेवर ते नाव आलं, गरम, तिखट. तोंडाला पाणी सुटलं तिच्या, खरंच सुटलं. बदल्याला चव असते हे तिला माहीत नव्हतं.

पण त्या चवीत मध्येच एक टोपली आली. टोपलीतला हात आला, हरभऱ्याएवढ्या बोटाचा. तो आता कुणाचा होता? या पोरीला ती ओळखत नव्हती. ओळखायचं कारणही नव्हतं. ती दुसरी बाई दारात बसलीय म्हणे, खाली ठेवत नाही. बस की. मी पण बसले होते. हुझालाला त्या बाईचाही राग आला, आणि राग येता येताच तिच्या छातीत काहीतरी दाटलं, जुनं, दूध आटताना व्हायचं तसं. नको, तिनं स्वतःला बजावलं. आत्ता मऊ पडलीस तर थुंकीन तुझ्यावर. तिनं नजर काढून त्याच्या हातावर ठेवली. तिवईवर पसरलेला डावा हात. करंगळीच्या बाजूला तो व्रण, पांढुरका, गोल. या व्रणाचे किती मुके घेतले असतील तिनं गच्चीवर! आणि मग, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा तिनं तो नीट बघितला.

"हा व्रण कसला?" तिनं विचारलं. आवाज स्वतःचाच तिला ओळखू आला नाही.

"हा? लहानपणी कोयता लागला. खजूर तोडायचा."

"तुला आठवतं लागलेला?"

"छे, तान्हा होतो मी. आई सांगते."

"तान्ह्या पोराच्या हातात कोयता दिला होता का कुणी?" शिमू म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचं तोंड उघडं राहिलं. नावाडी एकमेकांकडे बघायला लागले. इप्कूनं हात उचलून डोळ्यांसमोर धरला. उलटा केला. बघत राहिला. त्याच्या तोंडावरून एकेक थर उतरताना हुझालाला दिसला, आणि तिला वाटलं, अगदी सावकाश होऊ दे हे, घाई नको. म्हणजे सासूला, त्या म्हातारीला माहीत होतं! सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या म्हातारीला आधीपासून माहीत होतं. स्वतःच्या पोराचं सहावं बोट रातोरात कापून लपवलं आणि सुनेच्या पोटात घाण काढली. खोट त्याच्या रक्तातली होती, त्याच्या. ती हसली. ओढलेल्या गालानं हसणं कसं दिसतं ते तिला माहीत होतं, तरी हसली. "हात ठेव तिवईवर," ती म्हणाली. "सगळं सांगितल्याशिवाय लागत नाही उतारा. हे घरातलं पहिलंच का?"

त्यानं हात पुन्हा तिवईवर ठेवला. म्हणाला, "नाही. आधी एक होती. पहिल्या बायकोची."

"अशीच?"

"अशीच."

"तिचा उतारा कुठे टाकलास?"

"तिला... नदीत सोडली. मीच सोडली. तेव्हा मला... आई म्हणाली बायकोत दोष आहे. मी ऐकलं. मी बघितलंसुद्धा नाही पोरीकडे." म्हातारं पोट हलायला लागलं. दाढीत पाणी उतरलं. सगळ्यांसमोर, दारूड्यांसमोर, देवीसमोर तो वाकला, कपाळ तिवईला टेकलं. वाकव म्हणाली होती ती. वाकला. आणि एवढ्यानं भागायला हवं होतं, पण भागलं नाही. तहान उलट वाढली.

"आणि ती बायको?" तिनं विचारलं. "तिचं काय झालं?"

त्यानं कपाळ उचललं, नाक पुसलं. पुन्हा तिच्या तोंडाकडे बघितलं, अगदी जवळून. "वारली," तो म्हणाला. "लगेचच. बाळंतरोगानं."

शिमू चुकचुकली. तर असं. त्यानं तिला मारून टाकलं होतं. कापलेल्या काठाची, गल्लीची, तिच्या चालत जाण्याची आठवण नको म्हणून मरण देऊन मोकळा झाला होता. नव्या बायकोला हेच सांगितलं असेल. स्वतःलाही हेच सांगत आला असेल, रडत रडत सांगायला सवय झाली असेल. दाराबाहेर उजेड ओसरला होता आणि गल्लीवर, पश्चिमेला, तारा दिसायला लागला होता. तीच देवी. पहाटे लढाईची, संध्याकाळी प्रेमाची, एकाच बाईची दोन तोंडं. हुझालाच्या पोटातली आग एकदम निवली. विझली नव्हती, नुसती निवली होती, तापवलेलं पातं पाण्यात घातल्यावर निवतं तशी. आता तिला काय करायचं ते दिसलं. तिनं वाडगा त्याच्या हातात दिला आणि ठरलेले शब्द बोलली, "पी आणि हलका हो." त्यानं एका दमात प्यायलं. नावाडी म्हणाले, सोडलं बाबा सोडलं, पातळ झालं. त्यानं चपला झटकल्या, दोन्ही, नीट आत बघून, आणि घातल्या. दाराशी गेला. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"थांब," हुझाला म्हणाली. "वळू नकोस. वळलास तर गेली तुझी पोर. नाव राहिलं. नाव ठेवलंय तिला?"

"नाही." पाठ बोलली. "मांत्रिक म्हणाला, निकाल लागेपर्यंत ठेवू नका."

"मग इथून घेऊन जायचं. त्याशिवाय लागत नाही. आणि तेच ठेवायचं. तूच हाक मारायची तिला, रोज, तुझ्या तोंडानं. एक दिवस चुकवलास तर उतारा परत येईल." असा काही नियम नव्हता. शिमूला माहीत होतं. शिमूनं हुझालाकडे बघितलं, एकदाच, आणि मग डाव्या अंगाचा पदर सावरत ठणकावून म्हणाली, "नावाशिवाय कुठे उतारा असतो का? देवी देते ते घ्यायचं!"

"काय नाव?" तो म्हणाला.

गच्चीवर ठरवलं होतं ते नाव. गरम रात्री, तिच्या पोटावर कान ठेवून तो पडला होता, आणि तिनं त्याच्या केसांत बोटं फिरवत सांगितलं होतं की मुलगी झाली तर हेच, इश्तारनं घडवली म्हणून. कुणाला सांगू नकोस हं, नजर लागते. तो म्हणाला होता, नाही सांगणार. त्यानं सांगितलं नव्हतं कुणाला. तिनंही नव्हतं. टोपली गेली तेव्हा नाव तिच्याजवळच राहिलं, वापरलंच गेलं नाही.

"ताब्नी," ती म्हणाली.

ती पाठ दारात तशीच राहिली. मग खांदे वर गेले. मानेची शीर उठली, चपलेतली बोटं आखडली, चौकटीवरचा हात चौकटीत रुतला. मान वळायला निघाली. किंचित, केसभर, कान दिसण्याइतकी वळली आणि तिथे अडकली, थरथरत. हुझाला बघत होती. वळ, तिच्या आतून कुणीतरी ओरडत होतं, वळ ना रे, एकदा तरी वळ. आणि दुसरं कुणीतरी त्याच गळ्यातून ओरडत होतं, वळलास तर जीव घेईन. दोन्ही आवाज तिचेच होते. तिला वाटलं कोनाड्यातली बाई आता मोठ्यानं हसेल.

"हुझाला?" त्यानं विचारलं, समोरच्या गल्लीला.

"ती वारली," हुझाला म्हणाली. "तूच सांगितलंस ना आत्ता? बाळंतरोगानं."

तो काहीतरी पुटपुटला. मान हळूहळू सरळ झाली, तिला लागलेल्या ताणासकट सरळ झाली, आणि त्यानं दुसरा पाय बाहेर टाकला. आला होता त्या वाटेनं गेला नाही. कुंभारांच्या गल्लीनं गेला, भिंती धरत धरत, आणि कोपरा येईपर्यंत त्यानं मागे बघितलं नाही. तिला सगळं दिसत होतं. नदीवरून निघाला होता तीच चाल, तीच मान. तेव्हा लेक मरावी म्हणून वळला नव्हता. आज लेक जगावी म्हणून वळला नाही. दोन्ही वेळा मागे तीच उभी होती.

नावाडी पैज लावत होते, पोर जगेल की नाही त्यावर. शिमू उठून जवळ आली, आणि कांद्याच्या वासाचा तो हात तिच्या पाठीवर आला. "कोण होता गं आक्का?"

"गिऱ्हाईक," हुझाला म्हणाली. तिनं एक वाडगा भरला, कोनाड्याखाली धार धरली. आज शिवी दिली नाही. मग तिवईवर, जिथे त्याचा हात होता तिथे, आपला तळहात ठेवला. लाकूड अजून कोमट होतं. राहू दे, तिला वाटलं, त्याच्या घरचं जे काय असेल ते, इथे माझ्याजवळ राहू दे. गल्लीत बायका पोरांना जेवायला हाका मारायला लागल्या होत्या, नेहमीसारख्या, या दारातून त्या दारातून. थोड्या वेळात बागांकडच्या एका घरातही हाक जाणार होती. त्याच्या तोंडून जाणार होती, आज, उद्या, रोज संध्याकाळी, घास घशात अडकवत, आणि एक दिवस पोरगी ओ देणार होती. ती दाराशी जाऊन उभी राहिली. बागा लांब होत्या, इतक्या लांबून काही ऐकू येत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी नावाड्यांना ती म्हणाली, "मेल्यांनो, जरा गप्प बसा."